परातीतलं कासव

मी मुलांसाठी माहितीची पुस्तकं लिहिते. "लहान मुलांचंच तर आहे, पटकन होत असेल," असं सोसायटीतल्या बायका म्हणतात. मी हसून मान डोलावते, कारण लिफ्टमध्ये भांडायला पुरेसा वेळ नसतो. मोठ्या माणसांसाठी लिहिताना अवघड शब्दांच्या आड लपता येतं. तिसरीतल्या मुलीपुढे लपायला जागा नसते. ती "म्हणजे काय?" विचारते आणि आपलं पितळ उघडं पडतं.

त्या वर्षी हातात होतं ते पुस्तक जगभरातल्या संपत चाललेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं. सुसरी, घोरपडी, सरडे आणि कासवं. बाकीचे प्राणी मुकाट्याने पानांवर येऊन बसले. कासवांपाशी गाडी अडली आणि अडली ती एका शब्दावर. मी ज्या इंग्रजी पुस्तकांवरून टिपणं काढत होते त्यांत जमिनीवरच्या कासवाला एक शब्द आणि पाण्यातल्याला दुसरा. आपल्याकडे समुद्रातलं, नदीतलं, माळावरचं, देवळाच्या दारातलं, सगळं कासवच. चुलता, मामा, मावसा, आतोबा अशी प्रत्येकाला वेगळी नावं देणारी आपली भाषा कासवापाशीच का आळसावली, याचा मला राग आला होता. कोशात "कूर्म", "कच्छप" होते, पण ते मुलांपुढे ठेवले असते तर मुलांनी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

हे सगळं मी सांगवीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून करत होते. माझ्या पाठीमागे गॅलरी होती. गॅलरीत माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, एका पितळी परातीपुढे स्टुलावर बसलेले असायचे. आणि परातीत पाणी आणि पाण्यात एक जिवंत कासव असायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

त्या कासवाची हकिगत आधी सांगायला हवी.

आबा मूळचे मावळातले. तरुणपणी पिंपरीत एका कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी भट्टीवर काढली. लोखंडाचे भाग तापवून, विझवून कठीण करायचे ते खातं. दापोडीत रेल्वेलगतच्या दोन खोल्यांत संसार केला, मुलाला शिकवलं, मग सांगवीत हा फ्लॅट घेतला. रिटायर झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी शाल, नारळ आणि एक पितळेचं कासव दिलं. पितळेचं कासव थाळीत पाणी घालून उत्तरेकडे तोंड करून ठेवायचं, म्हणजे घरात बरकत राहते, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. सासूबाई रोज सकाळी त्या थाळीतलं पाणी बदलायच्या.

सासूबाई गेल्या आणि थाळी कोरडी पडली. काही दिवसांनी मीच ते कासव पुसून कपाटात ठेवलं. आबा बोलेनासे झाले. विचारलं तर उत्तर द्यायचे, पण आपणहून काही नाही. टीव्ही लावायचे आणि त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत बसायचे. शेवटी भट्टीवरचे त्यांचे एक जुने दोस्त एका रविवारी कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीतून अर्ध्या नारळाएवढं कासव निघालं. काळी, उंचवट्या-उंचवट्यांची पाठ आणि प्रत्येक उंचवट्यावर पिवळ्या रेघांची चांदणी.

"पितळेचं काय बोलत न्हाई," दोस्त म्हणाले. "ह्ये निदान हालंल तरी."

कुठून आणलं, असं नवऱ्याने विचारलं. "मिळत्यात," एवढंच ते म्हणाले आणि चहा मागितला. आम्हीही पुढे विचारलं नाही, कारण आबा कितीतरी दिवसांनी पुढे सरकून बसले होते. त्यांनी बोटांनी ती दगडासारखी पाठ चाचपली आणि म्हणाले, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ!"

ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही त्याची खुशामत करताना आपण असं म्हणतो. त्या क्षणी ते इतकं बरोबर बसलं की सगळे हसलो आणि आबाही हसले. त्या दिवसापासून कासवाचं नाव सुसरबाई. त्याचा एकच तोटा झाला. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिने वर्गात सांगितलं की आमच्या गॅलरीत सुसर आहे आणि आबा तिला काकडी भरवतात. शाळेतून मला फोन आला. बाईंचा आवाज फार जपून येत होता.

हळूहळू आबांचा दिवस सुसरबाईभोवती लागला. कासव म्हटलं की पाणी, आणि घरात कासव ठेवायचं तर ते पाण्यातच, ही तर आमची रीतच. थाळी पुरेना म्हणून आबांनी माळ्यावरून सासूबाईंची परात काढली. लग्नात आलेली, काठावर त्यांचं नाव घातलेली. सकाळी ती उत्तरेकडच्या कोपऱ्यात ठेवायची, सुसरबाईच्या हनुवटीपर्यंत पाणी भरायचं, तिला अलगद सोडायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत समोर बसायचं. आबा तिच्याशी बोलायचे. खाली भाजीवाला कितीला मेथी देतोय, मुलाची कंपनीची बस आज उशिरा का आली, नातीच्या दाताचं काय झालं. जे सासूबाईंना सांगितलं असतं ते सगळं. मी आतून ऐकायची आणि मला बरं वाटायचं.

बाईही ऐकायची म्हणे. पाण्यात सोडली की ती मान लांब ताणून वर करायची, पुढचे दोन्ही पाय परातीच्या काठाला लावायची आणि तशीच उभी राहायची. पाय घसरले की पुन्हा लावायची.

"सूर्याला नमस्कार करती," आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पाहुणे हात जोडायचे. नवऱ्याने तिचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, त्यावर सगळ्यांनी फुलं पाठवली.

तर अशा घरात मी सरपटणाऱ्या प्राण्यांचं पुस्तक लिहीत होते. मुलगी तोवर तिसरीत गेली होती.

माझी एक पद्धत आहे. लिहिलेलं पान मुलीला वाचून दाखवायचं. ती जिथे खाजवायला लागते तिथे काट मारायची. ती शाळेतून आली, दूध झालं, की आम्ही गॅलरीच्या दारात बसायचो. आबा टीव्ही बंद करून यायचे. ते ऐकतात हे मला आधी कळलंच नव्हतं. खऱ्या सुसरीच्या पानावर कळलं.

मी वाचत होते: सुसर म्हणजे मगर नव्हे. मगरीचा जबडा रुंद, सुसरीचा लांब आणि निमुळता, लाटण्यासारखा. ती मासे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगा असतो. नद्यांवर धरणं झाली, काठांवरची वाळू लोकांनी उपसून नेली, जाळ्यांत सुसरी अडकल्या, आणि आता त्या मोजक्याच नद्यांत उरल्या आहेत. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं मोठ्या सुसरीच्या पाठीवर चढून बसतात आणि ती त्यांना घेऊन पाण्यात संथ पडून राहते.

"मग तिची पाठ मऊच असेल," मुलगी म्हणाली. "पिल्लांना तरी."

"आन आपण उगंच तिची चेष्टा करतो," आबा म्हणाले.

त्यानंतर ते रोज वेळेवर हजर राहू लागले, आणि मधे मधे बोलूही लागले. मादागास्कर बेटावर एक कासव आहे. त्याची पाठ इतकी सुंदर की चोर ती विकायला नेतात. म्हणून त्याला वाचवणारी माणसं त्याच्या पाठीवर मुद्दाम मोठे आकडे कोरतात. पाठ विद्रूप झाली की चोराला भाव मिळत नाही. हे ऐकून मुलीचा चेहरा पडला, पण आबांना ते एकदम पटलं. "भांड्यावर नाव घालतो तसंच की," ते म्हणाले. "लग्नात भांडी इकडची तिकडं हुत्यात. नाव घातलं की आपलं ते आपलं."

समुद्री कासवाच्या पानावर तर ते स्टुलावरून उठलेच. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री मादी येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यात नर होणार की मादी, हे वाळू किती तापली आहे त्यावर ठरतं. वाळू फार तापली की बहुतेक माद्याच होतात. जग तापत चाललंय, म्हणून ही काळजीची गोष्ट.

"म्हंजी भट्टीच!" आबा म्हणाले. "सेटिंग चुकलं की सगळा लॉट एकसारखा. आमी लॉट परत तापवायचो. आता ह्यो समुद्राचा लॉट कोण परत तापवणार?" ते पुस्तकात घाल, असंही त्यांनी मला बजावलं. मी घातलं. संपादकांनी ते वाक्य काढलं नाही, याचा मला अजून आनंद आहे.

मुलीला सगळ्यात आवडला तो जमैकाचा सरडा. लोकांनी तो संपला म्हणून सोडून दिला होता. मग एका शिकाऱ्याचा कुत्रा झुडपात शिरला आणि एक जिवंत सरडा घेऊन आला. ते पान तिने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

आणि मग कासवांचा शब्द. नाव नाही तर नाही, मी ठरवलं, मुलांना ओळखायला शिकवू. कासवाचे पाय बघा, असं मी लिहिलं. पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर ते समुद्राचं कासव. बोटांमध्ये बदकासारखा पडदा असेल तर नदीचं, तळ्याचं. आणि पाय हत्तीसारखे, खांबासारखे असतील तर ते जमिनीचं कासव. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात टाकलं तर ते बुडतं.

वाचून मी मान वर केली तर मुलगी जागेवर नव्हती. ती परातीपाशी गुडघे टेकून बसली होती. त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी होती, त्यामुळे बाई अजून पाण्यातच होती. मान वर, पाय काठाला.

"आई," ती म्हणाली, "खांब आहेत."

मी उठून गेले. त्या पायांकडे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. जाड, खवल्यांचे, टोकाला बोथट नखं. पडदा नाही, वल्हं नाही. नाकपुडीशी पाण्याचा एक बुडबुडा येऊन फुटला. मग दुसरा आला. माझ्याच टिपणांत पुढच्या पानावर होतं: आपल्या देशाच्या कोरड्या माळरानांवर राहणारं, पाठीवर चांदण्या असलेलं कासव, जे पाळण्यासाठी पकडून पकडून कमी होत चाललं आहे. मी ते वाक्य आदल्या दिवशी याच टेबलावर लिहिलं होतं आणि मग पाणी प्यायला उठले होते.

"आबा, ही जमिनीची आहे," मुलगी म्हणाली.

"कासव म्हंजी कासव," आबा म्हणाले. "देवानं अवतार घेतला तो समुद्रात घेतला का माळावर?"

"तो वल्ह्यांचा असेल. ही खांबांची आहे."

आबांना राग आला. ते नातीवर कधी रागावत नाहीत, म्हणून मला म्हणाले, "पुस्तकात काय बी लिवत्यात." इतकी वर्षं ज्या माणसाचा दिवस त्या परातीने सुरू झाला, त्याला मी काय सांगणार होते? पण भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला एक सवय असते. त्यांनी वाकून परातीत पाहिलं आणि म्हणाले, "ट्रायल घ्या."

ट्रायल त्यांनीच लावली. परातीच्या एका बाजूखाली गोणपाटाची घडी सारली. परात कलली, पाणी एका अंगाला गेलं आणि दुसरं अंग कोरडं झालं. आबांनी बाईला बरोबर मधे ठेवलं आणि हात काढून घेतला. ती कोरड्या बाजूला गेली. त्यांनी तिला उचललं, पाण्याकडे तोंड करून ठेवलं. ती वळली आणि कोरड्या बाजूला गेली. त्यांनी गोणपाट काढून दुसऱ्या बाजूखाली घातलं, म्हणजे कोरडं होतं तिथे आता पाणी आलं. बाईने पाय हलवले, मान फिरवली आणि परत कोरड्यात गेली. तिथे पोहोचल्यावर तिने मान खाली टेकवली. तिला मान टेकवलेली आम्ही परातीत कधी पाहिलीच नव्हती.

आबा स्टुलावर बसले.

"म्हंजी ती नमस्कार करत नव्हती," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रोज सांगत हुती," आबा म्हणाले. "आन मी तिलाच सांगत बसलो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आम्ही सगळ्यांनीच तर तो व्हिडिओ पाहिला होता, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते बाईचं पोट टॉवेलने पुसत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या छातीत कफ होता, डोळे सुजले होते, सततच्या ओलीमुळे. डॉक्टरांनी औषध दिलं, कोरडं आणि उबदार ठेवा म्हणून सांगितलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी हेही सांगितलं की ही जात घरी ठेवायला कायद्याने परवानगी नाही, बरी झाली की वनखात्याकडे द्या. रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं. येताना रिक्षात आबा एकच वाक्य बोलले. "आता कळलंय ना. आता नीट ठेवीन."

आणि त्यांनी ठेवलीही. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं अवघड झालं ते त्यामुळेच. त्यांनी एक जुना लाकडी खोका आणला, त्यात कोरडी माती आणि गवत घातलं, एका कोपऱ्यात दिवा टांगला. ऊब नीट राहावी म्हणून थर्मामीटर लावला आणि दिवा वर-खाली करत बसले. भट्टीवर बसायचे तसेच. पिण्यापुरतं पाणी मातीच्या पणतीत. बुडबुडे थांबले. सुजलेले डोळे उघडले. बाई गवत मागायला लागली. इतकी चांगली ती आमच्याकडे कधीच नव्हती, आणि आता तिला द्यायचं होतं.

नवरा चाकणच्या कंपनीत आहे. त्याने तिथे कुणाकडे तरी विषय काढला आणि घरी सल्ले घेऊन आला. एक जण म्हणाला होता, "भावा, माझ्याकडे दे, घरात बरकत येते." दुसरा म्हणाला, "कशाला खात्याच्या भानगडीत पडतो? केस झाली म्हणजे? गुपचूप नदीत सोडून दे, राव." नवऱ्याला दुसरा सल्ला बरा वाटला. जेवताना तो म्हणाला, "पवनेच्या घाटावर जाऊ. हळद-कुंकू लावू, नारळ फोडू आणि सोडू. गणपतीला आपण वाईट मनाने थोडंच सोडतो?"

"ती बुडेल!" मुलगी इतक्या जोरात ओरडली की तिच्या हातातला घास खाली पडला. "बाबा, खांब आहेत! तिला पोहता येत नाही!"

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. त्याला कासव म्हटल्यावर नदीच आठवली, जशी आबांना परात आठवली होती, जशी आम्हा सगळ्यांनाच आठवते. "मग राहू दे इथेच," तो म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

आबांना तेच ऐकायचं होतं. मलाही, खरं सांगते, तेच ऐकायचं होतं. ती गेली आणि आबा पुन्हा त्या भिंतीकडे बघत बसले तर, ही भीती मला होती.

पुस्तक मात्र संपत आलं होतं. शेवटचं पान असतं "आपण काय करू शकतो" याचं. मुलांना ते पान सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांना खरोखरच काहीतरी करायचं असतं. मी लिहिलं: नदीत प्लॅस्टिक टाकू नका. साप दिसला तर मारू नका, मोठ्यांना सांगा. कासवाच्या कवचाची वस्तू कुणी विकत असेल तर घेऊ नका. पुढचं वाक्य काय असायला हवं ते मला माहीत होतं. माझ्या पाठीमागे खोक्यात गवत खाल्ल्याचा आवाज येत होता. मी पान तसंच संपवलं.

संध्याकाळी वाचून दाखवलं. आबांनी मान वर केली.

"शेवट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"एवढंच आहे, आबा."

"न्हाई. कायतरी राह्यलंय."

मी कागदाकडे बघत राहिले. त्यांनी खोक्यात हात घातला आणि बाईच्या पाठीवरून बोट फिरवलं, एका चांदणीवरून दुसऱ्या चांदणीवर.

"लिही पोरी," ते म्हणाले. "रानातलं कासव कुणी कितीबी मायेनं आणून दिलं तरी घरी ठेवू नये. माया असली म्हंजी कळतंयच असं न्हाई."

मी लिहिलं. त्यांचे शब्द मी बदलले नाहीत, फक्त पुस्तकी मराठीत घातले.

वनखात्याला फोन मीच केला. पलीकडचा माणूस सौम्य होता. त्याने पत्ता दिला आणि घेऊन या म्हणाला, एवढंच. केसची भीती आम्ही उगाच बाळगली होती.

शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी ते उपचारकेंद्र होतं. आम्ही चौघेही गेलो, नवऱ्याने त्यासाठी रजा टाकली होती. आबांनी खोका वाटभर मांडीवर धरला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाईला उलटसुलट करून पाहिलं, मादीच आहे म्हणाल्या, आणि नीट सांभाळलीय असंही म्हणाल्या. आबा त्यावर खाली बघत राहिले. आधी काही दिवस वेगळं ठेवू, मग बाकीच्या कासवांत सोडू, आणि पुढे तिच्या मुलखात कुठे सोडता येईल ते बघू, असं त्यांनी समजावून सांगितलं. चाल कशी आहे ते बघायला त्यांनी तिला बाहेर, वाळलेल्या गवताच्या चौकोनात ठेवलं.

आबा खाली वाकले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ." या वेळी कुणी हसलं नाही, कारण त्यांनी ते चेष्टेने म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी हात काढला. आणि ती चालली. आमच्या घरात तिच्या पायांखाली एक तर पाणी होतं नाहीतर गुळगुळीत फरशी होती, खोक्यात तर चार पावलांची जागा. अशी चालताना आम्ही तिला कधी पाहिलंच नव्हतं. खांबांसारख्या पायांवर अंग उचलून ती गवतातून सरळ निघाली. थांबली नाही, मागे वळली नाही. गोष्टीतलं कासव हळू असतं, पण ही चांगली भरभर चालत होती.

"बगा," आबा म्हणाले, "कशी चालती." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मुलीने त्यांचं बोट धरलं होतं. बाई कुंपणाजवळच्या झुडपाखाली शिरेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

घरी आल्यावर त्यांनी परात चिंचेने घासली, लख्ख केली आणि माझ्याकडे स्वयंपाकघरात आणून दिली. "तुझ्या सासूची हाय, कणकीला घे," म्हणाले. मग ते कपाटाशी गेले आणि बराच वेळ खुडबुड करत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ते जुनं पितळेचं कासव आणि त्याची थाळी होती. मला हायसं वाटलं. भिंतीपेक्षा हे बरं.

त्यांनी उत्तरेकडच्या कोपऱ्यात थाळी मांडली, तांब्याने पाणी ओतलं, कासव त्यात ठेवलं. सासूबाई ठेवायच्या तसंच. उठता उठता थांबले. परत खाली बसले. कासव पाण्यातून काढून त्यांनी उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि त्याच्या पायांकडे निरखून पाहिलं. नातीला हाक मारली. तिनेही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आबांनी थाळीतलं पाणी तुळशीत ओतलं. धोतराच्या सोग्याने थाळी पुसली, मग कासव पुसलं, पोटाखाली, चारही पायांमधून, नीट. आणि कोरड्या थाळीत, उत्तरेकडे तोंड करून, त्याला ठेवलं.

"ह्ये बी जमिनीचंच हाय," ते म्हणाले.